न छापलेला बगळा

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या टेबलाच्या खणात एक जपानी छापचित्र आहे. मूळ चित्र १९२८ सालचं, ओहारा कोसन या चित्रकाराचं. माझ्याकडची प्रत बरीच नंतरची आहे, पण जुन्याच रीतीनं, लाकडी ठशांवरून हातानं छापलेली. काळोखी पार्श्वभूमी, पाऊस आणि त्या पावसात उभा असलेला पांढराशुभ्र बगळा. एवढंच चित्र. पुष्कळ दिवस मी ते समोरून पाहत होतो आणि मला वाटायचं, बगळा फारच साधा काढलाय, नुसती एक पांढरी आकृती.

मग एका जुलैत रात्री वीज गेली. चित्र टेबलावर पडलेलं होतं आणि मेणबत्ती त्याच्या शेजारी, अगदी कागदाच्या पातळीला. सहज नजर गेली, तर बगळ्याच्या अंगावर पिसं! मानेवरची बारीक, छातीवरून खाली सुटलेली लांब, पंखावर एकावर एक बसलेली. प्रत्येक पिसाला कड होती आणि कडेला सावली. बोट हलकेच फिरवलं, तर बोटालाही ती जाणवली. आणि तिथे शाईचा टिपूससुद्धा नव्हता.

तुम्ही लग्नपत्रिकेवरचा उठावाचा गणपती पाहिला असेल. शाई नाही, रंग नाही, नुसता कागद दाबून काढलेला. बगळ्याची पिसं तशीच. जपानी कारागीर या रीतीला काराझुरी म्हणतात, म्हणजे रिकामी छपाई. बगळ्याचा पांढरा रंग हा कागदाचाच रंग. भोवतीचा अंधार छापला आणि बगळा राहू दिला.

हे कसं होतं ते जरा सांगतो, कारण त्याशिवाय या पक्ष्यांची किंमत कळत नाही. चित्रावर सही चित्रकाराची असते, पण काम चौघांचं. प्रकाशक पैसा घालतो आणि काय खपेल ते ठरवतो. चित्रकार पातळ कागदावर शाईनं रेखाटन करून देतो. कोरणारा तो कागद रानचेरीच्या फळीवर उलटा चिकटवतो आणि रेषा तेवढ्या राखून बाकीचं लाकूड काढून टाकतो. त्यात मूळ रेखाटन संपतंच. मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. सगळे रंग जागच्या जागी बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचा असतात, त्यांना केंतो म्हणतात. छापणारा ब्रशनं फळीला रंग लावतो, त्यावर तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेला ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीनं पाठीमागून घासतो. ही चकती म्हणजे बारेन. पिसांची पाळी आली की रंग न लावलेली फळी घ्यायची आणि सगळा भार देऊन दाबायचं. उठाव खोल हवा असेल तर बारेन बाजूला ठेवून हाताच्या कोपरानं दाबायचं.

मला त्या कोरणाऱ्याचं फार वाटतं. चेरीच्या कठीण लाकडात त्यानं पिसामागून पीस कोरलं, समोरून पाहणाऱ्याला ते दिसणारही नाही हे ठाऊक असताना. आणि त्याचं नाव बहुतेक वेळा चित्रावर नसतंही.

ही कला कोसनच्या कितीतरी आधीची. अनेक रंगांत छापलेली चित्रं एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, १७६५च्या सुमारास रुळली. उतामारो हा आपल्याला रूपवती स्त्रियांचा चित्रकार म्हणून माहीत असतो. पण त्यानं १७९०च्या आसपास पक्ष्यांचं एक देखणं पुस्तक केलं. प्रकाशक होता त्सुताया जुझाबुरो. पानोपानी पक्ष्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक पक्ष्याचं नाव गुंफून केलेली प्रेमाची खेळकर कविता. त्या पुस्तकातही पांढऱ्या पिसांसाठी हीच रिकामी छपाई आहे.

अशा चित्रांना काचोगा म्हणतात. का म्हणजे फूल, चो म्हणजे पक्षी. पक्षी एकटा येत नाही, तो आपला ऋतू घेऊन येतो. मोहरलेला आंबा म्हटला की आपल्याला कोकिळ ऐकू येतो, तसा प्लमचा बहर म्हटला की जपानी माणसाला उगुइसु ऐकू येतो. बांबूशी चिमणी, पाइनशी क्रौंच, शरदातल्या चंद्राशी रानहंस. या जोड्या चीनमधून आलेल्या, कवितेत मुरलेल्या. खरेदी करणारा एदोचा साधा दुकानदार असला तरी त्याला त्या पाठ होत्या, आणि एक चित्र सोबा नूडल्सच्या एक-दोन वाटग्यांच्या किमतीत मिळायचं.

होकुसाई या चित्रकाराचं एक चित्र आहे, १८३४च्या सुमाराचं. गडद निळं आभाळ, खाली झुकलेली चेरीची फांदी आणि तिला उलटा लटकलेला एक गुबगुबीत पक्षी. त्याचं नाव उसो. आता गंमत अशी की जपानीत उसो म्हणजे ‘खोटं’ असाही अर्थ होतो. टोकियोच्या कामेइदो तेन्जिन देवळात दर वर्षी २४ आणि २५ जानेवारीला लोक गेल्या वर्षीचा लाकडी उसो परत करतात आणि नवा घेतात. सरत्या वर्षातलं जे वाईट ते खोटं ठरावं, म्हणून. हे ठाऊक असलं की तो लटकलेला पक्षी वेगळाच दिसायला लागतो.

पण माझा जीव खरा हिरोशिगे या चित्रकारावर. जन्म १७९७, एदोमध्येच, वडील तिथल्या अग्निशमन दलात अधिकारी. त्याचं एक उंच अरुंद चित्र आहे. चंद्राचा मोठा गोल आणि त्याच्यासमोरून खाली उतरणारे तीन हंस. वर एक ओळ लिहिली आहे, तिचा अर्थ साधारण असा: अशी रात्र पुन्हा कधी येईल का? चंद्रापुढे हंस. श्रोत्यांमध्ये कुणी तिकिटं जमवणारे असतील तर त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. जपानी टपाल खात्यानं १९४९ साली त्याचं आठ येनचं तिकीट काढलं होतं.

१८५५ साली एदोला मोठा भूकंप झाला. त्यानंतर लगेच, १८५६ पासून, हिरोशिगेनं आपल्या शहराची शंभर दृश्यं काढायला घेतली. शंभरावर न थांबता ती एकशेवीसच्या आसपास गेली आणि ती पुरी होता होता, १८५८ साली, कॉलऱ्याच्या साथीच्या दिवसांत तो गेला. त्या मालिकेतलं फुकागावा सुसाकीचं चित्र एकदा तरी पाहाच. वरच्या भागात कागदाच्या कडेला भिडलेला प्रचंड गरुड. पंख पसरलेले, मान खाली, नजर खाली. त्याच्याखाली बर्फानं झाकलेली सपाट दलदल, दूरवर त्सुकुबा डोंगराची दोन शिखरं. माणूस एकही नाही. पाण्यात एक लाकडी टोपलं तरंगतंय. ही जमीन समुद्रात भर घालून केलेली, आणि १७९१ साली लाटा आत शिरल्यानंतर राहायला धोक्याची ठरलेली. गरुड नेमकं काय पाहतोय हे चित्रकार सांगत नाही. मी जितक्यांदा पाहतो तितक्यांदा माझी नजर त्या टोपल्यावर जाते आणि पोटात थोडं खड्डा पडल्यासारखं होतं.

त्याच मालिकेत मिनोवा आणि मिकावाशिमाच्या पाणथळीतले क्रौंच आहेत. डोक्यावर लाल टिळा, गळ्याला काळा पट्टा. आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांतल्या सारसाचा हा भाऊबंद, जपानी नाव तांचो. तिथले क्रौंच राखून ठेवलेले असत, शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, ससाण्यांकरवी होणाऱ्या शिकारीसाठी. सामान्य माणसानं त्यांना हात लावायचा नाही. शोगुन गेले, मनाई गेली, आणि शिकार व दलदलींचा नाश यांनी तांचो इतका आटला की तो जपानातून संपलाच असं मानलं गेलं. १९२४ साली उत्तरेत, होक्काइदोच्या कुशिरो दलदलीत थोडे सापडले. १९५२च्या मोजणीत तेहतीस होते. त्या वर्षी कडाक्याच्या थंडीत तिथल्या लोकांनी त्यांना धान्य टाकलं आणि पक्षी ते खायला आले. आज त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. पण मिकावाशिमात आता टोकियोची दाट वस्ती आहे, आणि तिथला क्रौंच पाहायचा तर हिरोशिगेच्याच कागदावर.

शेवटी एक चित्र सांगतो, कारण ते ऐकायचं चित्र आहे. १८५७ सालचं, सुमिदा नदीकाठच्या कोमागाता देवळाचं. खालच्या कोपऱ्यात देवळाचं छप्पर, शेजारी उंच काठीवर ओठांची लाली विकणाऱ्या दुकानाचं लाल निशाण. वर सगळं पावसाळी आभाळ, आणि त्या आभाळात एकच पक्षी, होतोतोगिसु. आपल्या पावशाच्या कुळातला. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणतो, तसा जपानात होतोतोगिसु भातलावणीचे दिवस आल्याचं सांगतो. तो उडता उडता ओरडतो, रात्रीसुद्धा. त्याच्या तोंडाचा आतला भाग लाल असतो, म्हणून रक्त ओकेपर्यंत गातो अशी त्याची ख्याती. हायकूकार मासाओका शिकी यांना १८८९ साली क्षयानं रक्त पडलं, तेव्हा त्यांनी ‘शिकी’ हे नाव घेतलं. ते याच पक्ष्याचं आणखी एक नाव.

आणि कोमागाताच का? योशिवारा वस्तीतली ताकाओ नावाची एक गणिका, तिचा प्रियकर एक मोठा सरदार. तो भेटून नावेनं परत निघाला आणि तिनं मागाहून एक ओळ लिहिली, असं सांगतात: तुम्ही आता कोमागातापाशी पोचला असाल, होतोतोगिसु.

ही ओळ एदोत सगळ्यांच्या तोंडी होती. त्यामुळे हिरोशिगेनं ना ताकाओ काढली, ना सरदार. नदी काढली, ओलं आभाळ काढलं आणि त्यात उंचावर तो एक लहानसा काळा पक्षी सोडला. चित्र विकत घेणाऱ्यानं ते घरी नेलं, दिव्याजवळ धरलं, आणि त्याला तो ऐकू आला.

नमस्कार.