टेकडीवरचं गवत कुणाच्या हिशोबात?

मंडळी, तुम्ही सगळे सकाळी टेकडीवर येणारे, म्हणून सरळच विचारतो, पहिल्या पावसानंतर पायवाटेच्या कडेला पांढरी मुसळी फुलते ती बघितलीये का कुणी? आठ-नऊ महिने तो कंद जमिनीखाली झोपलेला असतो, वर काहीच दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये कुणी जागा बघायला आलं की म्हणतं, ही तर पडीक जमीन. सगळा घोळ इथेच होतो.

आपल्याकडे १९७५ चा झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, चांगलाच कायदा आहे तो. पण तो झाड बघतो. गवत, कळलावी, मुसळी, ह्यांचं काय? ह्यांना वाचवते ती फक्त जमीन, आणि जमिनीचं काय होणार ते ठरतं डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात. म्हणून १:५ पेक्षा (पाच फुटांमागे एक फूट चढ) जास्त उतारावर बांधकाम नको हा नियम मला इतका मोलाचा वाटतो, त्यात झाडाचं नावही नाही तरी सगळा उतार वाचतो.

आता बीडीपी, म्हणजे बायोडायव्हर्सिटी पार्क. १९९७ ला पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानासाठी ठेवले, लोक त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले, आणि २०१५ ला सरकारने जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर ठरवला, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. मालकांना तो कमी वाटतो, आणि खरं सांगू, त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं, कारण मोबदला पटला नाही की गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकले जातात आणि मग टेकडी कुणाचीच राहत नाही. दुसरं म्हणजे हे आरक्षण आहे, म्हणजे सार्वजनिक कामासाठी घ्यायची म्हणून राखलेली जमीन; झोन नाही, झोन फक्त जमिनीचा वापर ठरवतो. १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं कलम १२७ वाचा, दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि तरीही मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण जातं. झोनला अशी मुदत नसते. हा फरक टेकडीवर फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि नकाशा हिरवा राहिला म्हणजे झालं असंही नाही हो. ग्लिरिसिडिया हे बाहेरून आणलेलं झाड लावलं की लांबून टेकडी हिरवीगार दिसते, पण त्याच्या दाट सावलीत आपलं गवत उगवत नाही. फेब्रुवारीत निष्पर्ण गणेरीवर पिवळी फुलं येतात, सालई, मोई, पांगारा, ही इथली मंडळी, ह्यांना ऊन आणि मोकळी जागा लागते.

म्हणून झोनबदलाची नोटीस पेपरात आली की हरकतीसाठी महिनाभर मिळतो, तेव्हा नुसतं "टेकडी वाचवा" लिहून देऊ नका. सर्व्हे नंबर टाका, उताराचा उल्लेख करा, त्याच जागेचा मार्चचा आणि ऑगस्टचा फोटो जोडा, फोटोखाली वनस्पतीचं नाव लिहा. सुनावणीला स्वतः जा. फोटो मात्र आत्तापासूनच काढून ठेवा, कारण नोटीस उन्हाळ्यात आली तर मुसळी दाखवणार कुठून?