चिंध्या आणि दोर : एबद-मलेख कूशी

(दृश्य : दावीदनगराचा उतार, उत्खननाची जागा)

यरुशलेमचा हा सगळ्यात जुना भाग. २००५ मध्ये पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांना इथे मातीचा एक मुद्रांक सापडला.

(दृश्य : मुद्रांक, अगदी जवळून)

जेमतेम एक सेंटिमीटरचा. गुंडाळलेल्या दस्तऐवजाच्या दोऱ्यावर ओल्या मातीची गोळी लावायची आणि तिच्यावर शिक्का दाबायचा, अशी तेव्हाची रीत. यावरचं नाव : शलेम्याचा पुत्र यहूकल. तीन वर्षांनी जवळच दुसरा मुद्रांक मिळाला, पशहूराचा पुत्र गदल्या याचा.

बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ही दोन्ही नावं शेजारीशेजारी आहेत. शहराला बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेचा वेढा होता. शरण जा, जीव वाचेल, असं यिर्मया संदेष्टा उघडपणे सांगत होता. म्हणून या सरदारांनी त्याला टाक्यात टाकलं.

(दृश्य : टाक्याचं तोंड, कॅमेरा खाली उतरतो)

आपल्या गडांवर असतात तशीच ही कातळात खोदलेली टाकी. बारमाही झरा एकच, गीहोन. पाऊस फक्त हिवाळ्यात. म्हणून पावसाचं पाणी साठवायला खडक खोदायचा आणि आतून चुन्याचा गिलावा द्यायचा. तोंड अरुंद, पोट मोठं. आत पडलेला माणूस स्वतःहून वर येणं अशक्य. यिर्मयाच्या टाक्यात पाणी नव्हतं, नुसता चिखल होता. तो त्यात रुतला.

राजवाड्यात हे एका खोजाच्या कानावर गेलं. एबद-मलेख, कूश देशाचा, म्हणजे आजच्या सुदानकडचा. परका माणूस, राजाचा चाकर. यहूदाचा राजा सिद्कीया बन्यामीन वेशीत बसला होता. तिथे जाऊन त्याने सरदारांचं कृत्य वाईट आहे असं राजाच्या तोंडावर सांगितलं. शहरात भाकर उरलेली नाही, हा माणूस तिथे उपाशी मरेल, म्हणाला. राजाने सोबत तीस माणसं दिली.

(दृश्य : दोर, जुन्या कापडाचे तुकडे)

आता नीट पाहा. तो थेट टाक्याकडे गेला नाही. आधी राजवाड्यातल्या खजिन्याखालच्या खोलीत जाऊन त्याने फाटकेतुटके कपडे, चिंध्या गोळा केल्या. त्या वरून फेकल्या नाहीत, दोराने अलगद खाली सोडल्या. आणि सांगितलं, या बगलेत धर, मग दोर घे. चिखलातून माणूस ओढायचा तर दोर काचणार, हे घाईतही त्याच्या ध्यानात होतं. रविवारच्या शाळेत मुलांना यिर्मया शिकवताना या चिंध्या वगळू नयेत, असं आम्हाला फार वाटतं.

यिर्मया वर आला. पुढे इ.स.पू. ५८६ मध्ये शहर पडलं, मंदिर जळालं.

(दृश्य : ग्रंथाचं पान, एकोणचाळिसावा अध्याय)

त्याआधी, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत असतानाच, त्याच्याकरवी एबद-मलेखला परमेश्वराचा निरोप आला : ज्यांची तुला भीती वाटते, त्यांच्या हाती तू पडणार नाहीस.