टूल म्हणजे मॉडेलला फक्त तुमचे चार शब्द दिसतात

मागे आवाज येतोय ना? बरं. तर आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेत एअरक्वालिटी नावाचा डेटासेट आयताच मिळतो, तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी शिकताना वापरला असेल, न्यूयॉर्कची हवा, १९७३ चे मे ते सप्टेंबर, १५३ दिवसांच्या १५३ ओळी. मी एजंटसाठी, म्हणजे गरज पडेल तशी टूलं वापरणाऱ्या एआय मॉडेलसाठी, एक साधं टूल केलं, म्हणजे त्याला बोलावता येईल असं फंक्शन, कॉलमचं नाव द्या आणि सरासरी घ्या. टूल काय करतं ते मॉडेलला सांगणाऱ्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलं, 'डेटाची सरासरी काढते'. झालं काम, चहाला गेलो.

येऊन विचारलं, ओझोनची सरासरी किती? टूलने एनए, म्हणजे 'माहिती नाही' ही आर ची खूण, परत दिलं, कारण ओझोनच्या ३७ नोंदी रिकाम्या आहेत आणि आर चं मीन फंक्शन तुम्ही सांगितल्याशिवाय रिकाम्या जागा सोडत नाही. एजंटने काय सांगावं? 'ओझोनचा डेटा उपलब्ध नाही.' मग मी शहाणपणा केला, आतल्या आत एनए-आरएम ट्रू करून टाकलं, म्हणजे रिकाम्या नोंदी वगळायला सांगितलं, डिस्क्रिप्शनला हातच लावला नाही. आता उत्तर आलं ४२.१३, आणि एजंटने छान वाक्य लिहिलं, '१५३ दिवसांची सरासरी ४२.१३'. अहो, ती ११६ दिवसांची आहे! पहिली चूक निदान डोळ्यात खुपत होती, ही दुसरी सरळ रिपोर्टमध्ये जाऊन बसली असती.

यात मॉडेलला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याला तुमच्या फंक्शनचा कोड दिसतच नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरची यादी, बस्स. उरलेलं ते अंदाजाने भरतं आणि ते अंदाज असतात त्याने कुठे कुठे वाचलेल्या आर आणि पायथनच्या खिचडीतले. म्हणून मी आता असं लिहितो: 'एअरक्वालिटीच्या एका अंकी कॉलमची सरासरी काढते. रिकाम्या नोंदी वगळते. सरासरीसोबत किती नोंदी धरल्या आणि किती वगळल्या तेही देते, उत्तरात हे दोन्ही आकडे सांगावेत. टेम्प कॉलम फॅरेनहाइटमध्ये आहे.' शेवटचं वाक्य फालतू वाटेल, पण टेम्पची सरासरी ७७.८८ येते आणि त्यापुढे कोणी सेल्सियस लिहिलं तर न्यूयॉर्क उकडून निघालं म्हणायचं. आणि हो, नुसतं लिहून भागत नाही, टूलने ते दोन आकडे खरंच परत द्यायला हवेत.

खिचडी म्हणालो ती कशी ते एमटीकार्स या आर मधल्याच गाड्यांच्या डेटासेटवर बघा. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल गाड्यांचं मायलेज, टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासायची टेस्ट. आर डिफॉल्टने तिचा वेल्श हा प्रकार करतं, त्यात दोन्ही गटांचं व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांची पसरण, सारखं धरत नाहीत, डिग्रीज ऑफ फ्रीडम १८.३३, पी ०.००१४. पायथनच्या सायपाय पॅकेजचं नेहमीचं फंक्शन मात्र दोन्ही गटांचं व्हेरियन्स सारखं धरून चालतं, तसं केलं तर ३० आणि ०.०००२९. डिस्क्रिप्शनमध्ये नुसतं 'टी-टेस्ट करते' असेल तर आकडे एका टेस्टचे आणि खाली समजावणारं वाक्य दुसऱ्याच टेस्टचं, असं होऊ शकतं, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. स्टँडर्ड डेव्हिएशनचंही तेच, आर एन वजा एकने भागतं, पायथनचं नमपाय डिफॉल्टने एनने. चार शब्द जास्त लिहा ना, काय जातंय.

म्हणून अख्खं हेल्प पेज चिकटवायचं असंही नाही हां. एका ठिकाणी मी तेच बघितलं, पन्नासेक टूलं आणि प्रत्येकात उदाहरणांसकट सगळं. हा मजकूर साधारणपणे दर वेळी प्रश्नाबरोबर मॉडेलकडे जातो, म्हणजे टोकनचा, मजकुराच्या तुकड्यांमागे मोजला जाणारा, खर्च तर आहेच, वर कामाचं वाक्य त्या गर्दीत हरवतं. त्यापेक्षा हे टूल कधी वापरू नये ते लिहा, विशेषतः दोन टूलं सख्ख्या भावांसारखी दिसत असतील तर. आणि ठरावीक पर्याय असतील तिथे मोकळी स्ट्रिंग ठेवू नका, आर च्या एल्मर पॅकेजमध्ये त्यासाठी टाइप एनम आहे, म्हणजे ठरलेल्या यादीतूनच निवड, उदाहरणार्थ कोरिलेशनच्या पद्धती, पिअरसन, स्पिअरमन, केंडॉल, तिघांपैकी एक निवड, विषय संपला.

इथून एक प्रश्न आला, डिस्क्रिप्शन मराठीत लिहिलं तर चालेल का. चालतं, मी लिहितो, फक्त कॉलमची आणि पॅरामीटरची नावं कोडमध्ये आहेत तशीच ठेवायची. पण एक गंमत सांगतो. आपल्याकडे दहावीच्या पुस्तकात मध्य म्हणजे मीन आणि मध्यक म्हणजे मीडियन, वापरणारा माणूस हेच शब्द टाइप करणार, आणि एका 'क'ने ओझोनचं उत्तर ४२.१३ वरून ३१.५ वर येतं. म्हणून माझ्या मीडियनच्या टूलमध्ये आता पहिलंच वाक्य आहे, 'मध्यक काढते, मध्य किंवा सरासरी नाही, त्यासाठी दुसरं टूल आहे.' पुढचा प्रश्न घेऊ, तिकडे कोणीतरी हात वर केलाय.