नववीची गाळणी

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की दिवा, मुंब्रा, डिघा, तुर्भे, जिथं जाल तिथं नाक्यावर फलक झळकतो, ‘आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के’. असा फलक दिसला की माझ्या मनात एकच शंका येते. दोन वर्षांपूर्वी या शाळेच्या नववीत पोरं किती होती?

शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला, पण तो पहिली ते आठवीपुरता, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्या वयात मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत हे कवच संपतं. वडील टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात कंत्राटी, आई घरकामाला, आणि पोरगं गणितात कच्चं. मग शाळा पालकांना बोलावते. “ह्याला नापास करण्यापेक्षा दाखला घ्या, 17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.” पालक बिचारे मान डोलावतात. पोरगं खासगी विद्यार्थी होतं आणि शाळेच्या टक्केवारीतून अलगद बाहेर पडतं. पुढं ते पास झालं काय, नापास झालं काय, फलकाला त्याचं सोयरसुतक नसतं.

आता सरकारी तपासणीचं बघा. साहेब येतात ते दप्तर बघायला: हजेरीपट, मान्यतेचे कागद, शौचालय, पाण्याची टाकी. ते बघायलाच हवं, दिव्यात विनापरवाना शाळांचा प्रश्न काही आजचा नाही. 2011 मध्ये तर राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून. खोटी नावं त्यात उघडी पडली. पण ती मोहीम पटावर असलेल्या, वर्गात नसलेल्या मुलांची होती. पटावरूनच उतरवलेलं पोर कोण मोजणार?

खरं तर मोजणं अवघड नाही. नववीचा पट दरवर्षी यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, भरला जातो. दहावीचे अर्ज मंडळाकडे जातात, मुंबई विभागाचं कार्यालय तर आपल्या वाशीतच आहे. दोन आकडे शेजारी ठेवले की गळती दिसते. काही मुलं गावी जातात, काही शाळा बदलतात, हे मान्य. पण एका शाळेतून दरवर्षी दहा-बारा मुलं नववीतच कमी होत असतील, तर शिक्षणाधिकाऱ्यांनी कारण विचारायला नको का?

तोवर पालकहो, एवढं करा. कोणी म्हणालं, “दाखला घेऊन जा,” तर म्हणा, “सर, तसं शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्या.” बघा, किती जण लिहून देतात.