बातमी पुलाची, अडचण नाल्याची

रेशनचा तांदूळ इथे मे महिन्यातच येऊन पडतो. जून ते सप्टेंबर, चारही महिन्यांचा एकदम, कारण एकदा पाऊस लागला की मग या बाजूला चाक म्हणून फिरत नाही. आदिवासी भागांसाठीच्या नवसंजीवनी योजनेत ही सोय केलेली आहे, आणि खरं सांगायचं तर कागदावरच्या ज्या थोड्या गोष्टी इथला पाऊस बघून ठरवल्यात त्यातली ही एक.

आपण आहोत गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात. मुंबई-पुण्याकडच्यांसाठी सांगतो, रेल्वेने यायचं म्हटलं तर जिल्ह्यात कित्येक वर्षं एकच स्टेशन, वडसा, तेही पार उत्तरेच्या टोकाला, तिथून गडचिरोली, मग आष्टी, मग आलापल्ली, आणि आलापल्लीहून जंगलातून अजून साधारण ६५ किलोमीटर, तेव्हा कुठे भामरागड. पलीकडे छत्तीसगड. आणि आपलं गाव भामरागडच्याही आत, डांबरी सोडून. नाव मुद्दाम सांगत नाही, अशी गावं या तालुक्यात बरीच आहेत आणि गोष्ट जवळपास सगळ्यांची सारखीच.

भामरागड टीव्हीवर दिसतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहताना. इथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या एकत्र येतात, आणि इंद्रावती छत्तीसगडातून फुगून आली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे सरकायला जागाच उरत नाही, ते मागे दाबलं जातं, जुना ठेंगणा पूल बुडतो आणि पाणी बाजारपेठेत शिरतं. म्हणजे भामरागडात पाऊस थांबलेला असेल तरी पूल पाण्याखाली असू शकतो. उंच पूल हवाच, त्यात वादच नाही. पण आतल्या गावचा माणूस त्या पुलापर्यंत पोचेपर्यंत दोन-तीन ठिकाणी अडकलेला असतो हे बातमीत येत नाही. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नाले आहेत, साधे, ज्यांची नावं नकाशावरपण नसतात, उन्हाळ्यात पोरं त्यात क्रिकेट खेळतील असे. पावसाळ्यात तोच नाला छातीपर्यंत येतो. ओढ कमी असेल तर डोंगा, म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी, नाहीतर थांबायचं.

आता थांबायचं हे निरोगी माणसाला जमतं हो. तापाने फणफणलेल्या पोराला कसं जमणार? महाराष्ट्रात मलेरियाच्या केसेस जास्त सापडतात अशा जिल्ह्यांपैकी हा एक, आणि त्यातही फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, जो डोक्यात गेला की सगळं काही तासांवर येतं. म्हणून गावात सगळ्यात कामाची वस्तू कुठली विचाराल तर आशाताईच्या पिशवीतलं ते टेस्ट किट, बोटाला टोचून रक्ताचा थेंब टाकायचा, पंधरा-वीस मिनिटांत कळतं, गोळ्या तिच्याकडेच असतात. नाला ओलांडायची गरजच पडत नाही. कधीकधी ताप आला की आधी पुजाऱ्याकडे नेतात, त्याला नावं ठेवणं सोपंय, पण पुजारी गावातच राहतो आणि दवाखाना नाल्यापलीकडे, हेपण धरा ना हिशोबात.

बाळंतपणाचं मात्र पिशवीत मावत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर आहे, दिवस भरत आले की बाईने आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस, जेवणाची सोय. कल्पना चांगलीय, नावही छान. पण जुलैत रोवणी, म्हणजे भाताची लावणी असते, घरी दोन लहान पोरं, कोंबड्या, डुकरं, आणि तिने आठवडाभर आधी निघायचं. म्हणून बऱ्याच जणी निघत नाहीत, मग कळा सुरू झाल्या की खाट उलटी करतात, दोऱ्या बांधतात, बांबू घालतात आणि चार जण खांद्यावर घेतात. हा फोटो पेपरात आला की आपण हळहळतो. खाट उचलणारे हळहळत नाहीत, त्यांचं लक्ष पाय कुठे पडतोय तिकडे.

बाकी पावसाळा म्हणजे नुसती अडचण असंही नाही बरं का. याच दिवसांत बांध्यांमध्ये धान उभं राहतं, बरीच जण रोवणी न करता आवत्याच टाकतात, म्हणजे बी थेट बांधीत फेकून पेरतात. जंगलात बांबूचे कोवळे कोंब निघतात, त्याला वास्ते म्हणतात, भाजी करायची नाहीतर वाळवून ठेवायचे. वारुळांवर टेकोडे उगवतात, मश्रूमच, पण शहरातला बटन मश्रूम याच्यासमोर ठेवूच नका. बांबूचे सापळे लावून वाहत्या पाण्यात मासे धरतात. लाल मुंग्यांची चटणी असतेच, आंबट, आम्ही खाल्ली, परत मागितली.

इथे राहतात ते माडिया गोंड. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंद असलेल्या तीन जमाती, कातकरी, कोलाम आणि माडिया. लग्न जमवताना इथे देव मोजतात, चार देववाले, पाच देववाले, सहा, सात, आणि एकाच आकड्यात सोयरीक होत नाही. नवं पीक, नवं फळ त्याचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही, आंब्यालासुद्धा मरका पंडुमची, म्हणजे आंब्याच्या सणाची, वाट बघावी लागते. मला विचाराल तर कोवळी फळं ओरबाडली जाऊ नयेत याची ही पक्की व्यवस्था आहे, कुठल्याही सूचना फलकाशिवाय.

पोरं घरी माडिया बोलतात आणि शाळेत पुस्तक मराठी. पहिलीतलं पोर गप्प बसलंय ते मठ्ठ म्हणून नाही, त्याला गुरुजी काय म्हणतायत तेच कळत नाहीये. चौथीनंतर बहुतेकांना आश्रमशाळा, म्हणजे घर सोडणं. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा, तिथून शिकून डॉक्टर, वकील झालेली मुलं आहेत. त्या काळी इथे रस्ता म्हणावं असं फारसं काही नव्हतं.

पैसा येतो तो उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये मोह, पहाटे अंधारात टोपली घेऊन निघायचं, कारण फुलं रात्री गळतात आणि उशीर केला तर हरणं, अस्वलं आधी पोचलेली असतात. मग मे महिन्यात तेंदूपत्ता, सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजून द्यायचे. सगळं घर राबतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आणि पेसामुळे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे, जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव आता स्वतःच करतात, ठेकेदाराशी समोर बसून भाव ठरवतात. पैसे उशिरा मिळाले, कमी मिळाले अशा तक्रारी आहेतच, पण भाव आपण ठरवायचा ही सवय लागली ती लागली.

त्याच वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. रस्ता, शाळा, अंगणवाडी, पाण्याची पाइपलाइन अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर ती मिळू शकते, दिल्लीपर्यंत फाइल न्यायची गरज नाही. गावाकडे येणाऱ्या वाटेवर रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, टाकायला हेक्टर कशाला, काही गुंठे पुरतात. गावातली माणसं हे कलम आपल्याला तोंडपाठ सांगतात. त्यांची अडचण दुसरीच आहे आणि ती सांगताना ती हसतात. जागा बघायला साहेब येतात ते एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हाच गाडी येते. आणि तेव्हा नाला कोरडा ठणठणीत. साहेब नाल्याच्या मधोमध उभे राहतात, इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, इथे रपटा कशाला पाहिजे तुम्हाला?