कण्याचा क्षय : शस्त्रक्रियेच्या टेबलावर

(दृश्य : नाशिक. शस्त्रक्रियागृह, पडद्यावर एमआरआय.)

हे दोन मणके आणि मधली चकती. क्षयाचे जंतू मणक्याच्या पुढच्या भागात, चकतीला लागून शिरतात. हाड पुढून ढासळतं, मागून शाबूत राहतं. कुबड येतं ते त्यामुळे. शेजारचा पांढरा फुगवटा पुवाचा.

सुरगाणा-पेठ या नाशिकच्या दुर्गम तालुक्यांतला रुग्ण इथवर पोहोचतो तोवर मालिश, पट्टा, वेदनाशामक इंजेक्शनं सगळं होऊन गेलेलं असतं. संध्याकाळचा ताप आणि उतरलेलं वजन तेवढं कुणी विचारलेलं नसतं.

बहुतेक जण नुसत्या गोळ्यांनी बरे होतात. पायांतली ताकद जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला, कुबड वाढत चाललं किंवा कणा डळमळीत झाला, तर ऑपरेशन.

(दृश्य : पालथा झोपवलेला रुग्ण.)

छातीखाली, कमरेखाली उशा, पोट अधांतरी. पोट दाबलं गेलं की मज्जारज्जूभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव आवरत नाही. सी-आर्मखाली, म्हणजे टेबलावरच हाडं दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राखाली, मणके मोजून खूण करतात. मोजणीत एकाची चूक झाली, तर सगळं काम निरोगी मणक्यावर होतं.

टायटॅनियमचे स्क्रू : छातीच्या मणक्यांत साधारण 4.5 ते 5.5 मिलिमीटर जाडीचे, कमरेत 6 ते 6.5. सहसा बिघडलेल्या भागाच्या वर दोन, खाली दोन मणक्यांत, दोन्ही बाजूंना, म्हणजे आठ. सडलेलं हाड काढण्याआधी एका बाजूला तात्पुरती सळई बसवतात. नाहीतर आधार निघताच कणा सरकतो आणि मज्जारज्जू चिमटीत सापडतो.

(दृश्य : सिरिंजमध्ये पू.)

पू, कुजलेली चकती, हाडाचे तुकडे. यातला काही भाग फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात, पॅथॉलॉजीला. उरलेला निर्जंतुक डबीत, फॉर्मॅलिनशिवाय. घाईत सगळंच फॉर्मॅलिनमध्ये पडलं की जंतू मरतात, कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याची तपासणी) उगवत नाही. सीबीनॅट ही जंतूंची जनुकीय तपासणी सुमारे दोन तासांत रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल का ते सांगते. कल्चरला सहा आठवडेही लागतात.

पोकळीत हाडाच्या चुऱ्यानं भरलेली टायटॅनियमची जाळीदार नळी. मग दुसरी सळई, साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी (ड्रेन), टाके.

(दृश्य : वॉर्ड. ब्रेस, म्हणजे कण्याला आधार देणारा पट्टा, लावून बसलेला रुग्ण.)

औषधांना जंतू दाद देत असतील, तर दोन महिने चार औषधं, पुढे किमान दहा महिने तीन. सरकारी कार्यक्रमात मोफत. टाके निघाले म्हणून गोळ्या सोडल्या, की स्क्रू सैल होतात, जखम वाहते. यातल्याच एथँब्युटॉल या औषधानं नजर धूसर झाली, रंग फिके दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. कोणती गोळी थांबवायची ते डॉक्टर ठरवतात.