टक्का नको, अंश आणि छेद द्या

मघाशी शिक्षक किती आणि पालक किती, असं विचारलं तेव्हा दोन्ही वेळा हात वर करणारी बरीच मंडळी दिसली. बरं झालं. प्राथमिक शाळांचे निकाल सगळ्यांना पाहायला मिळावेत का, या वादात शिक्षक एका बाजूला आणि पालक दुसऱ्या बाजूला अशी सोयीची वाटणी करतात. ती आज इथे चालणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते शोधण्यात तुमचा वेळ जायला नको. शाळानिहाय आकडे खुले असलेच पाहिजेत. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या चाचणीचा निकाल खात्याच्या कपाटात पडून राहावा, याला मला एकही धड कारण दिसत नाही. पण हे आकडे बहुतेक वेळा ज्या रूपात बाहेर येतात, म्हणजे शाळेचं नाव आणि पुढे एक टक्केवारी, ते रूप मला मान्य नाही. तसा आकडा खरा असूनही दिशाभूल करतो.

इंग्लंडपासून सुरुवात करू, कारण प्राथमिक शाळांच्या बाबतीत हा प्रयोग तिथे बराच काळ आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालला आहे. 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्याने तिथे राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि त्याच्या मागोमाग ठरावीक टप्प्यांवरच्या चाचण्या आल्या. प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी, मूल 11 वर्षांचं होण्याच्या सुमाराला जी चाचणी होते तिला लोक सॅट्स म्हणतात. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या चाचणीचे शाळानिहाय तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. सरकारी तक्त्यात शाळांना क्रमांक दिलेले नसतात. क्रमांक लावतात ती वृत्तपत्रं, आणि तीही एका दुपारीत. शिव्या मात्र तक्त्याला बसतात.

आता एक आकडा बघा. 2015 साली इंग्लंडमधल्या 80 टक्के मुलांनी वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत अपेक्षित पातळी गाठली होती. 2016 साली किती? 53 टक्के. एका वर्षात देशभरची मुलं ढ झाली का? तसं काही झालं नव्हतं. नवा, अधिक अवघड अभ्यासक्रम आला होता, जुन्या पातळ्या जाऊन 80 ते 120 अशी नवी गुणपट्टी आली होती, आणि त्यातल्या 100 ला अपेक्षित पातळी म्हटलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवायचे नाहीत, असं खात्याने सांगितलंही होतं. पण ज्या शाळेचा 85 चा 55 झाला, तिच्या दारात मुलाला घ्यायला आलेल्या पालकाला ही तळटीप कोण वाचून दाखवणार?

ही झाली उघड अडचण. खरी अडचण शाळेच्या आकारात आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

समजा, एका शाळेत शेवटच्या वर्गात 20 मुलं आहेत. एक मूल म्हणजे 5 टक्के. चाचणीच्या दिवशी एकाला ताप आला, एकीच्या घरी काही झालं, की शाळा 10 टक्क्यांनी खाली. पुढे जाऊन असं धरू की या शाळेत काहीही बदलत नाही, तेच शिक्षक, तसंच शिकवणं, आणि प्रत्येक मुलाची अपेक्षित पातळी गाठायची शक्यता दरवर्षी बरोबर 60 टक्के. तरी निकाल दरवर्षी 60 येणार नाही. गणित मांडलं तर साधारण चारपैकी तीन वर्षं तो 50 ते 70 च्या दरम्यान कुठेतरी पडेल आणि चौथ्या वर्षी त्याच्याही बाहेर जाईल. एका वर्षी 45, पुढच्या वर्षी 75, हे अगदी शक्य आहे. 45 च्या वर्षी मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागेल आणि 75 च्या वर्षी त्यांचा सत्कार होईल. दोन्ही समारंभांना काहीच अर्थ नाही.

वर्गात 80 मुलं असतील तर हीच हेलकावण्याची रुंदी निम्मी होते. म्हणून कुठल्याही क्रमवारीत अगदी वर आणि अगदी तळाला छोट्या शाळा प्रमाणाबाहेर दिसतात. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 1,662 शाळांचे पाचवीचे गणिताचे गुण घेऊन हे दाखवलं होतं. सर्वांत वरच्या 50 शाळांपैकी 6 या सर्वांत लहान 50 शाळांमधल्या होत्या. आकाराचा काही संबंध नसता तर एखाद-दुसरी असायला हवी होती. यावरून छोटी शाळा उत्तम असं कुणी म्हणेल, आणि लोकांनी म्हटलंही. मग सर्वांत खालच्या 50 पाहिल्या, तर तिथे सर्वांत लहान 50 मधल्या 9 निघाल्या.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग आकडे छापूच नयेत का?)

हेच उत्तर वेल्सने दिलं. 2001 मध्ये वेल्सने शाळानिहाय तक्ते बंद केले, शेजारच्या इंग्लंडने चालू ठेवले. संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या सायमन बर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या शाळांची तुलना केली, तेव्हा तक्ते बंद झाल्यावर वेल्समधली शाळांची परिणामकारकता घसरल्याचं दिसलं. सर्वांत वरच्या चतुर्थांश शाळांना काही फरक पडला नाही, फटका बसला तो खालच्यांना. हा अभ्यास माध्यमिक शाळांचा आहे, प्राथमिकचा नाही, तेव्हा तो जपूनच वापरावा. पण झाकून ठेवल्याने गरीब वस्तीतल्या शाळांचं रक्षण होतं, हा जो एक लाडका युक्तिवाद आहे, त्याला यातून आधार मिळत नाही.

प्राथमिकबद्दलचा पुरावा हवा असेल तर तो पाकिस्तानातल्या पंजाबात आहे, आणि माझ्या मते या विषयावरचं ते सर्वांत शिकण्यासारखं काम आहे. ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि आसिम ख्वाजा या अर्थशास्त्रज्ञांनी 112 गावं घेतली. सगळ्या गावांत सरकारी शाळा होत्या आणि खासगीही. मुलांच्या चाचण्या संशोधकांनी स्वतः घेतल्या, शाळांनी नाही. मग निम्म्या गावांत पालकांना प्रगतिपत्रकं दिली. त्यांत आपल्या मुलाचे गुण, त्याच्या शाळेची सरासरी आणि गावातल्या इतर शाळांची सरासरी होती. नुसता कागद हातात ठेवला नाही, सभा घेऊन समजावून सांगितलं, कारण अनेक पालकांना वाचता येत नव्हतं. बाकीच्या गावांत काहीच केलं नाही. वर्षभराने पाहिलं तर प्रगतिपत्रकं दिलेल्या गावांत मुलांचे गुण 0.11 प्रमाण विचलनाने (म्हणजे मुलांच्या गुणांत जो फरक असतो, तो मोजायच्या मापाने) वाढले होते, खासगी शाळांची फी 17 टक्क्यांनी उतरली होती आणि प्राथमिकची पटनोंदणी 4.5 टक्क्यांनी वाढली होती. मुलांनी शाळा फारशा बदलल्या नव्हत्या. आहेत त्याच शाळा सुधारल्या.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. त्या आकड्यांवर कुणाची बदली अवलंबून नव्हती, कुणाचं अनुदान नव्हतं, की कुणाची नोकरी नव्हती. पेपर तपासणाऱ्याला निकाल अमुक यावा असं वाटण्याचं कारणच नव्हतं. याच्या उलट चित्र पुन्हा इंग्लंडमध्येच सापडतं. तिथे सहा वर्षांच्या मुलांची उच्चारवाचनाची तपासणी होते. 40 शब्द वाचायचे, त्यातले निम्मे निरर्थक, म्हणजे मुलाने पाठांतर न करता अक्षरं जोडून वाचावेत असे. शिक्षक एकेका मुलाला समोर बसवून ऐकतात आणि बरोबर की चूक ते लिहितात. 2012 आणि 2013 मध्ये 32 शब्द जमले की मूल पार, हे शिक्षकांना आधीपासून माहीत होतं. देशभरातल्या गुणांचा आलेख काढला तर तो सावकाश चढत येतो, 31 पाशी दरी पडते आणि 32 वर सुळका उभा राहतो. मुलं अशी 32 वर येऊन थबकत नसतात. 31 वर अडकलेल्या मुलाचा एखादा अडखळता शब्द शिक्षकांनी पदरात घेतला, एवढंच. मी त्याला लबाडी म्हणणार नाही, समोर सहा वर्षांचं पोर बसलेलं असतं. 2014 पासून उत्तीर्णतेची रेषा तपासणी संपेपर्यंत सांगायची नाही असं ठरलं आणि तो सुळका वितळला.

गंमत अशी, की या तपासणीचे शाळानिहाय आकडे जनतेसाठी प्रसिद्धच होत नाहीत. ते बघतात वरचे अधिकारी आणि तपासनीस. म्हणजे आकडे बिघडतात ते लोकांनी पाहिल्यामुळे, हा समज तपासून घ्यायला हवा. वरून येणाऱ्या दट्ट्याने ते बंद दाराआडही बिघडतात.

आता गोपनीयतेकडे येतो. खाती माहिती नाकारताना हे कारण सर्वांत आधी पुढे करतात, आणि ते पूर्ण खोटं नाही. वर्गात 14 मुलं आहेत आणि 13 जणांनी पातळी गाठली, असं छापलं की चौदावं कोण, हे त्या वस्तीत प्रत्येकाला कळतं. म्हणून फार लहान संख्या झाकायची पद्धत अनेक देशांत आहे. पण झाकणारे वजाबाकी विसरतात. एकूण 14 पैकी 11 उत्तीर्ण, मुली 9 पैकी 8, आणि मुलांच्या रकान्यात फुली. फुलीमागे काय आहे? 5 पैकी 3. त्यात स्थलांतरित कुटुंबांचा वेगळा रकाना जोडा, अपंगत्वाचा जोडा, की दोन-तीन वजाबाक्यांत एका विशिष्ट मुलापर्यंत पोचता येतं. आणि 100 टक्के निकालातही माहिती फुटतेच, फक्त ती सुखद असल्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

मग करायचं काय? मला जे सुचतं ते फार नवीन नाही. एका वर्षाचा आकडा सोडून द्या आणि तीन वर्षांची मुलं एकत्र मोजा. 20 मुलांच्या शाळेत छेद 60 होतो, हेलकावे बरेच शांत होतात, आणि त्या 60 मध्ये एकटं मूल ओळखणंही कठीण होतं. संख्याशास्त्रज्ञाची तक्रार आणि गोपनीयतेची तक्रार एकाच उपायाने बरीचशी मिटते. आणि टक्केवारी छापू नका. 60 पैकी 37, असं छापा. टक्का काढणं वाचणाऱ्याला येतं. टक्क्यावरून छेद काढणं मात्र कुणालाच जमत नाही. यात एक तोटा आहे, तो लपवत नाही. शाळा झपाट्याने बिघडत असेल तर तीन वर्षांच्या बेरजेत ते उशिरा दिसेल. माझ्या मते ती किंमत परवडते, पण शेवटच्या वर्षी शाळेत असलेल्या मुलाच्या पालकाला ती परवडणार नाही, हेही खरं.

दुसरा मुद्दा सुरुवातीच्या पातळीचा. मूल शाळेत आलं तेव्हा कुठे होतं हे माहीत नसेल, तर शेवटच्या आकड्यातून शाळेपेक्षा वस्तीच जास्त दिसते. ऑस्ट्रेलियाने 2010 मध्ये माय स्कूल हे संकेतस्थळ काढलं, तेव्हा प्रत्येक शाळेची तुलना सारख्या सामाजिक पार्श्वभूमीच्या शाळांशी केली होती. इंग्लंडने 2016 पासून वेगळा मार्ग घेतला, सात वर्षांच्या वयातली पातळी आणि 11 व्या वर्षीची पातळी यांतली प्रगती मोजायचा. हा आकडा विश्वासाच्या मर्यादेसह, म्हणजे अमुक पासून तमुकपर्यंत अशा पट्ट्यात छापत असत, आणि ते फार चांगलं होतं. पण करोनामुळे 2020 आणि 2021 च्या चाचण्या झाल्या नाहीत. त्या दोन वर्षांत सात वर्षांची असलेली मुलं 2024 आणि 2025 मध्ये प्राथमिक संपवून बाहेर पडली, तेव्हा त्यांची मागची नोंदच नव्हती. त्या दोन वर्षांच्या तक्त्यांत प्रगतीचा रकाना नाही, उरली आहे ती उघडी संपादणूक, म्हणजे फक्त शेवटचा निकाल. क्रमवारी लावणाऱ्यांचं काम त्याने अडलं नाही.

(प्रश्न: भारतात काय स्थिती आहे?)

थोडक्यात सांगतो. 2005 पासून असर हे सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासतं. 2024 मध्ये पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण 2017 आणि 2021 मध्ये झालं, नंतर 2024 मध्ये परख या नावाने. पण ही सगळी नमुना सर्वेक्षणं आहेत. त्यांतून राज्य कळतं, जिल्हा कळतो, शाळा कळत नाही. शाळानिहाय माहिती यूडायस या सरकारी माहितीसाठ्यात मिळते, म्हणजे खोल्या, शौचालयं, शिक्षकांची संख्या, पट. एखाद्या शाळेत नळाला पाणी आहे का, हे घरबसल्या बघता येतं. तिथल्या मुलांना वाचता येतं का, ते नाही.

माहिती मागायची झाली तर मागणी नेमकी हवी. ‘निकालाची माहिती द्यावी’ असा अर्ज केलात तर नकार तरी येईल किंवा स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा तरी. मुलांची नावं, हजेरी क्रमांक, जन्मतारखा नकोत, हे अर्जातच पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे वैयक्तिक माहितीचं कारण आपोआप लंगडं पडतं. मग रकाने सांगा. शाळेचा संकेतांक, इयत्ता, विषय, तीन वर्षांत मिळून पटावर किती, चाचणीला बसले किती, पातळी गाठली कितींनी. पट आणि बसलेले हे दोन्ही मागा. कच्च्या मुलाला त्या दिवशी घरी राहायला सांगणं हा निकाल वाढवण्याचा सर्वांत जुना उपाय आहे, आणि तो फक्त त्या दोन रकान्यांच्या फरकात दिसतो. चाचणी कोणी घेतली आणि कोणी तपासली हेही विचारा. शेवटी, आकडे चित्ररूपात नको, संगणकावर बेरीज करता येईल अशा तक्त्यात हवेत, असं स्पष्ट लिहा.

पुढचा प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतला हात बराच वेळ वर आहे.